बाजारात-यात्रेत गाण्यासाठी चार्जिंगवाला स्पीकर कोणता घ्यावा?

पांझराकाठ

राम राम मंडळी. मी धुळ्याचा. माझे मामा, त्यांचे ढोलकीवाले सोबती आणि मी असे तिघं जण आठवडी बाजारात आणि यात्रांत गातो. भजनं, गवळणी, अहिराणी गाणी, श्रावणात आमच्या खान्देशी देवीची, कानबाईची गाणी. मामा पेटी गळ्यात अडकवून उभ्यानं वाजवतात आणि गातात, मी मागून साथ देतो. चैत्रात एकवीरादेवीची यात्रा, वैशाखात अमळनेर, दत्तजयंतीला सारंगखेडा, आणि एरवी जवळपासचे बाजार.

आजवर स्पीकरशिवाय निभावलं. आता निभत नाही. मामा साठीच्या पुढे गेलेत आणि आजूबाजूचा गोंगाट दरवर्षी वाढतोय. भाजीवालाही भाव रेकॉर्ड करून भोंग्यावर लावतो, शेजारी पाळण्यांचा आवाज, समोर रसवंतीची गाणी. त्यात मामा ताण देऊन गातात आणि संध्याकाळी त्यांचा गळा बसलेला असतो. मला त्यांचा गळा वाचवायचाय, एवढंच.

माईकसकट बजेट २५ हजार. प्रवास एसटीनं, त्यामुळे वजन महत्त्वाचं. दुकानात गेलो तर जो तो वॅट सांगतो. किती वॅट लागतात, माईक कुठला घ्यावा, बॅटरी कुठली बरी, हे ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगावं.

गिरणेचं पाणी

आधी हे सांगा: ऐकणारे किती लांबपर्यंत उभे असतात? पेटीला वेगळा माईक हवाय का? ढोलकीला? आणि ते धूड उचलणार कोण?

पांझराकाठ

कडं करून साधारण २०-२५ फुटांपर्यंत माणसं असतात. गळा आणि पेटी एवढं ऐकू आलं तरी पुरे, ढोलकी आपोआप ऐकू येते. उचलणार मीच. एका खांद्याला स्पीकर, दुसऱ्याला पिशवी.

आवाजाचं काम

जळगावला माझं साऊंडचं काम आहे. जिभाऊ, तुम्ही दुकानात वॅट विचारायला जाऊ नका. तिथेच फसवणूक सुरू होते.

साधा हिशेब मांडतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. मामांचा गळा ३ फुटांवर ८० डेसिबल धरा. ६ फुटांवर ७४, १२ फुटांवर ६८, २४ फुटांवर ६२. भरल्या बाजाराचा गोंगाटच ७० च्या आसपास असतो. म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसाला मामांचे ओठ हलताना दिसतात, शब्द पोचत नाहीत. गळा बसतो तो या ८-१० डेसिबलची भर घालायच्या धडपडीत.

आता स्पीकर घ्या. बऱ्यापैकी स्पीकर १ वॅटवर १ मीटरला, म्हणजे सव्वातीन फुटांवर, ९० डेसिबल देतो. १० वॅट दिले की १०० डेसिबल. तोच २४-२५ फुटांवर ८२ उरतो. गोंगाटाच्या वर १२ डेसिबल! तुमच्या कड्यासाठी एवढं भरपूर झालं. दहाचे २० वॅट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात आणि कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणून ३० वॅटवाला आणि ६० वॅटवाला यांत दुकानदार जेवढा फरक सांगतो तेवढा कानाला कळत नाही. स्पीकरची ती ९० की ८५ ही संवेदनशीलता बघा. ८५ वाल्याला तेवढ्याच आवाजासाठी तिपटीहून जास्त वॅट लागतात आणि ते बॅटरीतून जातात.

खोक्यावर '५००० वॅट पीएमपीओ' (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असतं, त्याकडे ढुंकूनही बघू नका. आरएमएस आकडा विचारा, म्हणजे सलग निघणारे खरे वॅट. नाही सांगितला तर मागच्या बाजूला बॅटरी वाचा. १२ व्होल्ट ४.५ एएच (अँपिअर-तास) असेल तर ती झाली ५४ वॅट-तासांची. ५४ वॅट-तासांच्या बॅटरीवर खरे १०० वॅट सलग काढले तर अर्ध्या तासात खेळ खल्लास. तरीही 'सहा तास चालते' असं लिहिलं असेल तर त्यावर सरासरी ९ वॅटच निघणार, हे समजून घ्या. यात वाईट काही नाही, गाण्यात सरासरी वापर कमीच असतो. फक्त पैसे ९ वॅटचे द्या, ५००० चे नको.

तुमच्यासाठी माझं मत: खरे ३० ते ५० वॅट, ६ किंवा ८ इंची स्पीकर, वजन ८ किलोच्या आत, दोन माईकच्या जागा आणि दोघांचे आवाज, बास-ट्रेबल वेगवेगळे. हे शेवटचं अजिबात सोडू नका. गळा आणि पेटी एकाच बटणावर असले की एक वाढवताना दुसरं डोक्यावर बसतं.

खेतीया रोड

भाऊ, एवढं गणित कशाले? १५ इंची ट्रॉली (चाकांवरचा स्पीकर) घ्या, लाईटवाली. २५ हजारांत येऊन पैसे उरतील. बास असा की यात्रा हलली पाहिजे.

आवाजाचं काम

नाचायला ठीक आहे. इथे साठीच्या माणसाचे शब्द पोचवायचेत. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि व्यंजनं राहतात २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. स्वस्तातल्या मोठ्या ट्रॉलीत बास भरमसाठ, वरचा पट्टा चिरका आणि मधला गायब. 'कानबाई' ऐवजी 'आ-आई' ऐकू येतं. वर १५ ते २० किलो वजन. एसटीच्या पायरीवरून ती चढवून बघा, मग बोलू.

बोरीकाठची

मी अमळनेरची, भजनी मंडळात पेटी वाजवते. सगळे स्पीकरवर बोलताय, माईकवर कुणी बोलत नाहीये. दादा, तुमच्या २५ हजारांतला पहिला पैसा माईकला जाऊ द्या.

गळ्यासाठी डायनॅमिक (बाहेरून वीज न लागणारा) माईक घ्या, हातात धरायचा, वायरवाला. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून तसाच बनतोय. पडतो, धूळ खातो, तरी चालतो. मूळ कंपनीचाच घ्या, नकली मायंदाळ आहेत. ते बजेटात बसत नसेल तर त्याच पद्धतीचा दुसरा कुठलाही कार्डिऑइड डायनॅमिक चालेल. कार्डिऑइड म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, पाठीमागचं सगळ्यात कमी. कंडेन्सर माईक बाजारात नका नेऊ. तो पाळणाही ऐकतो आणि भाजीवालाही, वर त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (वायरीतून माईकला मिळणारी वीज) लागते, ती छोट्या स्पीकरांत बहुतेक नसते.

आता पेटीचं. गळ्यात अडकवलेल्या पेटीसमोर स्टँडवर माईक ठेवला की मामा जरा वळले की आवाज गेला. पेटीच्या लाकडाला चिकटवायचा पिकअप (लाकडाची कंपनं पकडणारा) लावला तर सुरांबरोबर पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा धक्काही येतो. मी करते ते सांगते. पेटीच्या वरच्या फळीला, भात्याच्या विरुद्ध टोकाला, एक वाकणारी छोटी मान पक्की बसवायची आणि तिला छोटा डायनॅमिक माईक लावायचा, पट्ट्यांपासून वीतभर वर, भात्याकडे पाठ करून. माईक पेटीबरोबर फिरतो. मानेच्या बुडाशी सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालायचा, म्हणजे बोटांचे ठोके लाकडातून माईकमध्ये चढत नाहीत. स्पीकरवर त्या माईकच्या चॅनलचा बास बराच खाली, कारण खालच्या पट्टीत भात्याची घरघर असते. सुराला धक्का लागत नाही.

आणि मामांना एक सवय लावा. माईकची जाळी मुठीत धरायची नाही. बरेच गायक तशी धरतात, बघायला छान दिसतं. पण जाळीच्या मागून हवा जायची वाट बंद झाली की माईक चहूकडून ऐकायला लागतो आणि लगेच शिट्टी मारतो. मूठ दांड्यावर, जाळी मोकळी, ओठांपासून दोन-तीन बोटं. वरचा सूर लावताना किंचित लांब. आठ दिवसांत अंगवळणी पडतं.

पांझराकाठ

ताई, फार उपयोगाचं सांगितलंत. सायकलच्या ट्यूबचं तर आजच करून बघतो. ब्लूटूथ माईक घेतला तर वायरीची कटकट वाचेल का?

बोरीकाठची

नको.

आवाजाचं काम

ताईंच्या 'नको'ला माझा दुजोरा. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला बहुतेकदा सेकंदाचा दहावा भाग तरी लागतो. हवेत आवाज तेवढ्या वेळात ३४ मीटर जातो. मामा समेवर आले तरी स्पीकर मागून येणार, ढोलकीवाल्यानं कुणाला धरायचं? ब्लूटूथ तानपुरा किंवा रेकॉर्डेड साथ लावायला बरा. बिनवायरी हवाच असेल तर माईकचे वेगळे संच मिळतात, त्यांत उशीर जाणवत नाही. पण तो खर्च या बजेटात नको. चांगली १५-२० फुटी वायर घ्या, एक्सएलआरची (तीन पिनांची). शक्यतो दोन घ्या, यात्रेत वायर तुटतेच.

भुसावळचा मेकॅनिक

बॅटरीबद्दल माझ्याकडून ऐका. माझ्या टेबलावर मे-जूनमध्ये मेलेल्या बॅटऱ्यांचा ढीग असतो. सगळ्यांची कहाणी एक: दिवसभर उन्हात किंवा बंद गाडीत ठेवला, संध्याकाळी तसाच गरम डबा चार्जिंगला लावला.

आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ सहज होतं. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, आणि उन्हात ठेवलेला काळा डबा आतून हवेपेक्षा कितीतरी तापतो. लीड-ॲसिडचंही तसंच, २५ अंशांच्या वर दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणजे कंपनी पाच वर्षं सांगत असेल तर ती थंड खोलीतली. खान्देशातली नव्हे.

तर बाजारातून आलात की डबा सावलीत थंड होऊ द्या, रात्री जेवणानंतर चार्जिंगला लावा. गाताना त्यावर पांढरा उपरणा टाकला तरी फरक पडतो, फक्त मागची हवेची भोकं मोकळी ठेवा.

स्वस्त ट्रॉलीत लीड-ॲसिड असते. १२ व्होल्ट ७ एएच म्हणजे ८४ वॅट-तास, वजन दोन किलोच्या वर. पण ती निम्म्यापर्यंतच रिकामी केली तर टिकते. तुमचा स्पीकर सरासरी १५ वॅट खात असेल तर पावणेतीन-तीन तास. आणि रिकामी बॅटरी चार दिवस पडून राहिली की आतल्या पाट्यांवर गंधकाचा थर बसतो, मग ती पूर्ण चार्ज होतच नाही. दोन बाजारांच्या मध्ये आठवडा जातो, तेव्हा आल्या रात्रीच चार्ज करणं हा नियम.

त्याच जागी लिथियम फॉस्फेट घेतली, १२.८ व्होल्ट ६ एएच, तर ७७ वॅट-तास. वजन किलोच्या आतबाहेर. ८० टक्के वापरली तरी चार तास. दोन हजार वेळा चार्ज होते आणि साध्या लिथियमपेक्षा उष्णता जास्त सोसते. महाग पडते, पण दर वर्षाआड लीड बदलण्यापेक्षा स्वस्तच. तिच्यात संरक्षणाचं सर्किट आहे ना ते बघा आणि चार्जर तिचाच घ्या. लीडचा चार्जर लिथियमला लावायचा नाही. सुटे सेल टेपनं बांधून कुणी 'पॅक करून देतो' म्हणालं तर उठून निघून या. तो डबा तुम्ही मामांच्या पायाशी ठेवणार आहात.

सातपुड्याची वाट

नंदुरबारहून. आमच्याकडं होळीला, काठीला किंवा मोलगीकडं, जे ढोल वाजतात त्यांना कधी माईक लागला नाही. फुंकून वाजवायच्या पावरीलाही नाही. ती वाद्यंच डोंगरासाठी घडलेली. मात्र त्यांच्या बाजूला गाणारा माणूस दबतो, म्हणून माईक गळ्यालाच द्यायचा, हे तुमचं ठरलेलं बरोबर आहे. ढोलकीला माईक देऊ नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

दुसरं, स्पीकर जमिनीवर ठेवू नका. पुढच्या रांगेतली माणसं बसली-उभी राहिली की वरचा पट्टा त्यांच्याच अंगात जिरतो आणि मागं नुसती घूं घूं जाते. डोक्याच्या उंचीवर हवा. स्टँड न्यायचा नसेल तर बाजारात टमाट्याची कॅरेट असतात, तीन-चार एकावर एक, वर स्पीकर, दोरीनं बांधून. किंचित मागं कलता ठेवायचा.

जागा कुठली? गाणाऱ्याच्या पाठीमागं अजिबात नाही, तो आवाज सरळ माईकच्या तोंडात शिरतो आणि शिट्टी. मामांच्या डाव्या-उजव्या बाजूला एक पाऊल पुढं, तोंड लोकांकडं. माईकची पाठ तिकडं असते, तिकडून तो सगळ्यात कमी ऐकतो. मामांना स्वतःचा आवाज थोडा कमी येईल. तेवढं चालतं. नाहीच जमलं तर स्पीकर किंचित आत वळवायचा, शिट्टी यायच्या अलीकडं थांबायचं.

भिंत किंवा देवळाचा ओटा पाठीशी मिळाला तर तीच जागा धरा. पाठीमागचा गोंगाट निम्मा भिंत अडवते.

खेतीया रोड

हाई मातर एकदम बराबर शे. कॅरेटवाली गोष्ट मी करी देखसू.

बोरीकाठची

अजून एक. इको बंद! दुकानदार 'हॅलो हॅलो' करून इको दाखवतो, आपल्याला वाटतं वा. बाजारात त्या इकोनं एका शब्दावर दुसरा शब्द चढतो. अहिराणी गाण्यात तर शब्दावरच सगळं असतं. लोक हसतात, डोळे पुसतात ते शब्दाला. अगदी कोरडं वाटलं तर रिव्हर्ब (हलकी घुमण) चिमूटभर.

तापीपार

कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. चार्जिंगवाला छोटा असला तरी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर बंद. दवाखाने, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे जपून. आणि सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज तिथल्या ठरलेल्या पातळीपेक्षा १० डेसिबलहून जास्त नको किंवा ७५ डेसिबलच्या वर नको, दोन्हींतलं जे कमी ते. व्यापारी भागाची दिवसाची पातळी ६५ आहे, रहिवासी भागाची ५५. म्हणजे बाजारपेठेत ७५, वस्तीत ६५.

यात्रेत देवस्थान किंवा ग्रामपंचायत जागा देते, पण ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून वेगळी घ्यावी. आधी दोन दिवस अर्ज द्या, शिक्का मारलेली प्रत पेटीच्या खोळीत ठेवा. कलावंत म्हणून ओळखपत्र असेल तर जोडा. रेल्वे स्टेशनवर मात्र रेल्वेच्या परवानगीशिवाय स्पीकर काढू नका, तिथला कायदा वेगळा आहे.

आवाजाचं काम

हे बरं झालं लिहिलंत. म्हणूनही मोठा डबा नको. वर २५ फुटांवर ८२ चा हिशेब मांडला तो स्पीकर काय देऊ शकतो याचा. गाताना शेवटच्या रांगेत शब्द कळला की तिथेच थांबायचं, बटण पुढे नेऊ नका. शेजारच्या पाळणेवाल्याशी चढाओढ लावली की तोही वाढवतो, आणि त्याच्याकडे जनरेटर आहे.

कर्वेनगरकर खान्देशी

मूळ गाव शिरपूर, आता पुण्यात. गिटार घेऊन गातो, म्हणून मोठ्या कंपन्यांचं थोडं सांगतो. रोलँडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स: ५० वॅट, दोन ८ इंची स्पीकर, साडेसात किलोच्या आत, आणि चालतो आठ पेन्सिल सेलवर. पूर्ण आवाजात ५ तासांच्या आसपास, आवाज कमी ठेवला तर दुप्पट-चौपट. सेल कुठल्याही टपरीवर मिळतात, हे खेड्यात मोठं सुख. चार्ज होणारे निकेलचे सेल घातले तर खर्चही उरत नाही. बोस एस१ प्रो ७ किलोचा, आतली लिथियम ११ तासांपर्यंत जाते, उभा-आडवा कसा ठेवलाय ते ओळखून आवाज जुळवून घेतो. जेबीएलचा इऑन वन कॉम्पॅक्ट ८ किलोचा, त्याची बॅटरी काढून दुसरी घालता येते. तिन्ही उत्तम, पण तुमच्या बजेटच्या बाहेर. जुना मिळाला तर बॅटरी किती उरलीय ते तासभर वाजवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

बजेटातलं म्हणाल तर आपल्या देशी कंपन्या, अहुजा, स्ट्रेंजर, यांचे चार्जिंगवाले छोटे बॉक्स बघा. सुटे भाग मिळतात, दुरुस्त करणारा जिल्ह्याच्या गावी सापडतो. मामांसाठी ही गोष्ट मला नावापेक्षा मोठी वाटते.

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी मामांना, पेटीला आणि ढोलकीवाल्यांना घेऊनच दुकानात गेलो. 'हॅलो हॅलो'वर भागवलं नाही. स्पीकर दुकानाबाहेर रस्त्यावर ठेवायला लावला, वाहतूक चालू असताना मामा गायले आणि मी २५ फूट मोजून समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो.

८ इंची देशी बॉक्स घेतला. आरएमएस ४० वॅट, वजन साडेसात किलो, दोन चॅनल वेगळे. त्याच्याआधी एक मोठा वाजवला होता. त्यात आवाज जास्त होता पण मला गवळणीचा शब्द कळत नव्हता. यात कळला. बॅटरी लीडची आहे, तीन तास पुरते का बघतो, नाहीतर भुसावळच्या दादांनी सांगितलेली लिथियम फॉस्फेट बसवून घेईन. माईक मूळ कंपनीचा, दोन वायरी, आणि पेटीवरची वाकणारी मान बसवलीय.

मामा पहिल्या दोन गाण्यांत सवयीनं ओरडूनच गात होते. मग ढोलकीवाल्यांनी हात थांबवून सांगितलं, 'अप्पा, हळू. पोचतंय.' त्यानंतर मामांनी खालच्या पट्टीत अशी हरकत घेतली की मी लहानपणी घरी ऐकली होती, बाजारात कधीच नाही.

एक शंका राहिली. श्रावणात कानबाईच्या वेळी पाऊस असतो. झाकायला काय वापरता?

सातपुड्याची वाट

दुकानात मिळणारी खोळ पुढून बंद असते, आवाज दबतो. वर आणि मागून जाड प्लास्टिक, पुढून उघडा, कपाळावर वीतभर छज्जा येईल असा. कॅरेटवर असल्यामुळं खालून पाण्याची भीती नाही. वायरीचा जोड जमिनीवर राहू देऊ नका, कॅरेटच्या दांड्याला बांधा.

भुसावळचा मेकॅनिक

आणि भिजलाच तर लगेच बटण दाबून 'चालतो का' बघू नका. बॅटरीची पिन काढा, दोन दिवस पंख्याखाली ठेवा, मग लावा. चार्जिंगला तर त्याआधी अजिबात नाही.